दुसऱ्या सीझनमधला म्हातारा

"मग तिसऱ्या सीझनमध्ये तिसरा बसवतील. तेव्हाही जाशील?"

श्रेयसने हे विचारलं आणि भात कालवणारी बोटं तशीच ताटात ठेवली.

"तिसऱ्याचं तिसऱ्या वेळी बघू," वृंदा म्हणाली. "आधी भात खा. निवतोय."

"विषय बदलू नकोस, आई. बाबांचे कपडे घातलेला कोणीतरी परका बाप्या तुझ्याशेजारी नवरा म्हणून बसणार, तू कुंकू लावून त्याच्या हातात मीठ देणार, आणि ते सगळ्या जगाने बघायचं."

"बाबांचे कपडे नाहीत ते. मालिकेच्या ड्रेसवाल्याचे आहेत. बाबांनी अंगात घातले होते, एवढंच."

"तेच म्हणतोय ना मी!"

"बाबा, आजी ॲक्टिंग करतेय," स्पृहा म्हणाली. ती दहावीत होती आणि जेवताना बोलायचं नाही हा नियम फक्त तिच्यापुरता होता. "खुन्याचं काम करणारा घरी जाऊन खून करतो का?"

"तू जेव."

"जेवतेच आहे."

आसावरीने सगळ्यांना ताक वाढलं आणि खाली बसली. "आई, माझं काही म्हणणं नाही," ती म्हणाली. काही म्हणायचं असलं की ती नेहमी इथूनच सुरुवात करायची. "पण आमच्या शाळेत सगळ्या बायका ती मालिका बघतात. पहिल्या वेळी स्टाफरूममध्ये मला विचारत होत्या, ते तुझे सासूसासरे ना? त्यातल्याच बाबांच्या दिवसांना भेटायला आल्या. आता दुसरं कोणी दिसलं तर मी काय सांगू त्यांना?"

"सांग, सासूने दुसरं लग्न केलं."

स्पृहाला हसू आलं आणि ताक नाकात गेलं. श्रेयस ताटावरून उठला. हात धुऊन आला तो बसला नाही. कंपनीची बॅग खांद्याला लावून दारात उभा राहिला. त्या आठवड्यात त्याची सेकंड शिफ्ट होती.

"बाबा असते तर त्यांना हे चाललं असतं का, एवढाच विचार कर," तो म्हणाला आणि गेला.

बाबा असते तर दुसरा माणूस बसवावाच लागला नसता, हे वृंदाच्या तोंडावर आलं होतं. पण लिफ्टचं दार लागलं होतं.

त्या मालिकेचं नाव होतं 'भरतीचं राज्य'. गोष्ट अशी की कोकणचं आरमार जळालंच नाही. कंपनी सरकारची गलबतं हरून परत गेली आणि किनाऱ्यावर आपलंच राज्य राहिलं. हे एकदा धरून चाललं की मग पुढे दोनशे वर्षांनी इथली माणसं कशी राहिली असती ते बघायचं. त्या राज्यात आगगाडी होती, पण तिच्यावर इंग्रजी अक्षर नव्हतं. नाण्यांवर गलबत होतं. मिठावर कर कधी बसलाच नव्हता, म्हणून धरमतरच्या खाडीकाठी मोठा मीठबाजार भरायचा, आणि गोष्टीतली निम्मी कारस्थानं त्या बाजारात शिजायची. कारस्थानं करणाऱ्यांच्या मागे तराजू घेऊन एक म्हातारा बसलेला असायचा, आणि त्याच्या उजव्या हाताला त्याची बायको. ती दोघं म्हणजे महादेव गुरुजी आणि वृंदा.

ज्याच्या जागेवर बाजाराचा सेट लागला तो गुरुजींचा जुना विद्यार्थी. पेण तालुक्यात कुठेही दगड मारला तरी गुरुजींच्या विद्यार्थ्याला लागायचा. शूटिंगवाल्यांना न लाजणारी म्हातारी माणसं हवी होती. विद्यार्थी गाडी घेऊन घरी आला आणि म्हणाला, गुरुजी, नुसतं बसायचंय. वृंदाला वाटलं, हे कसले जातायत.

कारण इतिहास हा गुरुजींचा विषय आणि 'जर-तर' या शब्दांचा त्यांना तिटकारा. वर्गात एखाद्या पोराने "गुरुजी, तेव्हा असं झालं असतं तर?" असं विचारलं की ते फळ्याकडे तोंड करून म्हणायचे, "जर-तर परीक्षेत येत नाही." पोरं मोठी झाली, स्वतःच्या पोरांना घेऊन भेटायला आली, तरी हे वाक्य आठवून हसायची. घरातही ते चालायचं. वृंदाला लग्नानंतर दुसऱ्या वर्षी रोह्याच्या शाळेची नोकरी लागत होती. सासूबाई तेव्हा अंथरुणाला होत्या. नोकरी गेली. पुढे श्रेयस कॉलेजात गेल्यावर पापड लाटता लाटता ती एकदाच म्हणाली होती, "तेव्हा गेले असते तर आता पेन्शनीला आले असते." गुरुजी वर्तमानपत्रामागून म्हणाले, "जर-तर परीक्षेत येत नाही." पापड वाळत घालायला आलेल्या बायका हसल्या. वृंदाही हसली. हसण्यासारखंच होतं ते.

असा माणूस सगळीच जर-तर असलेल्या गोष्टीत जाऊन बसला. सेटवर सगळे "गुरुजी, गुरुजी" करायचे, सकाळी गरम पोहे मिळायचे, आणि कोणाचं तरी काही तरी चुकतंय हे दाखवायची रोज सोय होती. त्यांना एक वाक्यही मिळालं. "आज भरती लवकर आली." ते वाक्य ते घरात, अंघोळीला जाताना, कुलूप लावताना, वेगवेगळ्या तऱ्हेने म्हणून बघायचे. वृंदाला वाक्य नव्हतं. तिने मिठाचं माप भरून त्यांच्या हातात द्यायचं आणि "अहो, माप" एवढं पुटपुटायचं. ते ऐकू येणार नाही असं आधीच सांगितलं होतं.

मालिका लागली. पेणच्या बाजारात भाजीवाल्या "मीठवाल्या आल्या" म्हणून कोथिंबीर जास्त घालायला लागल्या. त्यानंतरच्या थंडीत गुरुजी दुपारी झोपले ते उठले नाहीत. पेणच्या घराला कुलूप लागलं आणि वृंदा रोह्याला श्रेयसच्या फ्लॅटमध्ये आली.

फ्लॅटमध्ये तिला काही कमी नव्हतं. खोली होती, खिडकीतून कुंडलिकेवरचा पूल दिसायचा. सकाळी आसावरी शाळेत जायची, स्पृहा आधी क्लासला आणि मग शाळेला, श्रेयस शिफ्टप्रमाणे. शेजारची दारं बंद असायची. बंद दारामागे कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, त्यावरून माणसं आहेत हे कळायचं. कामवाली बाई दुसऱ्या घराची घाई असल्यामुळे उभ्याउभ्याच बोलायची. ती गेली की वृंदा ताट वाढून घेऊन टीव्हीसमोर बसायची आणि चौथा भाग लावायची. स्पृहाने तिला रिमोटचं सगळं शिकवून ठेवलं होतं.

आवाज ती बंद ठेवायची, कारण नायक फार ओरडायचा. चौथ्या भागात मीठबाजाराचा मोठा प्रसंग होता. डाव्या कोपऱ्यात गुरुजी तराजू धरून बसलेले, डाव्या हातात. ते डावखुरे होते. शेजारी ती. नायिका मध्येच उभी राहायची आणि तिच्या अंबाड्याआड गुरुजी अर्धे झाकले जायचे. त्या अंबाड्याचा वृंदाला फार राग होता. अंबाडा हलला की ती चित्र थांबवायची, दोन घास खायची, पुन्हा चालू करायची. महादेव हलता-बोलता दिसेल असं दुसरं काही घरात नव्हतं. श्रेयसच्या लग्नाची डिस्क होती, ती आता कुठल्याच यंत्रात चालत नव्हती. श्रेयसने वडील गेल्यावर ती मालिका एकदाही लावली नव्हती. तो घरी असला की तीही लावत नसे.

अशाच एका दुपारी ऋजुताचा फोन आला. मालिकेत आधीच्या शॉटमध्ये कोण कसं बसलं होतं, कोणाच्या अंगात काय होतं, हे जुळवून घ्यायचं काम ही मुलगी करायची.

"मावशी, दुसरा सीझन सुरू होतोय. तुमच्या दोघांच्या तारखा हव्या होत्या."

वृंदाने तिला सांगितलं. ऋजुता खूप वेळ "अय्यो, अय्यो" करत राहिली. दोन दिवसांनी तिचा परत फोन आला. गोष्टीत म्हातारा-म्हातारी बाजारात आहेतच, ती काढता येत नाहीत. म्हाताऱ्याच्या जागी त्याच बांध्याचा दुसरा माणूस मिळालाय, त्याला पाठमोराच दाखवू. मावशी आल्या तर बरं, कारण गुरुजी कसे बसायचे ते त्याला तुम्हीच दाखवू शकाल.

वृंदा नाही म्हणणार होती. नाही म्हणण्याआधी सहज विचारलं, "त्यांचं जे काढलं होतं ते सगळं दाखवलंत का गो मालिकेत?"

"छे, मावशी! एका शॉटचे पाच-सहा टेक असतात. आम्ही दाखवलं त्याच्या दहापट तरी पडून असेल. आहे ना माझ्या टॅबमध्ये."

"ते मला बघायला मिळेल?"

"या ना. बसून बघू."

हे तिने घरात कोणाला सांगितलं नाही. भांडण कुंकवावरून आणि परक्या बाप्यावरून झालं, तेव्हाही सांगितलं नाही. महादेवचं अजून दहापट कुठेतरी पडून आहे, अंबाडा मध्ये न येता, एवढंच तिच्या डोक्यात होतं. श्रेयसला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मागून घेऊ ना, फोनवर पाठवतील. आणि ते न पाठवता तसंच राहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर डबा भरलेला होता. आसावरीने पोळी, बटाट्याची भाजी आणि एका कागदात मुखवास ठेवला होता. श्रेयस झोपलेला होता.

निडी, नागोठणे, कासू करत गाडी पेणला आली. स्टेशनवर शूटिंगवाल्यांची मोटार न्यायला आली होती. ती गाडी तिच्या कुलूप लावलेल्या घराच्या रस्त्याने न जाता बाहेरच्या बाजूने गेली, याचं तिला बरं वाटलं.

खाडीकाठी बाजार पुन्हा उभा राहिला होता. पुढचे मिठाचे ढीग खरे, मागचे पेणच्या गणपती कारखान्यातून आणलेल्या प्लास्टरचे. खाडीतून अधूनमधून कोळशाचा बार्ज जायचा, तो त्या राज्यात नव्हता, म्हणून बार्ज दिसेनासा होईपर्यंत सगळे थांबायचे. मेकअपवाल्या बाईने कुंकू लावलं, गळ्यात खोटं मंगळसूत्र घातलं, हातात हिरव्या बांगड्या भरल्या. वृंदाने आरशात बघायचं टाळलं नाही. बघितलं, आणि कुंकू थोडं डावीकडे गेलंय असं सांगितलं.

बाहेर आली तेव्हा तराजूच्या दगडावर तो पाठमोरा बसला होता. पांढरी बंडी, डोक्याला लाल रुमाल, थोडी पुढे झुकलेली पाठ. तिचं पाऊल थांबलं. मग तो वळला आणि भलताच माणूस निघाला, पांडू नावाचा.

"तुमीच का ती बाय?" तो उठून उभा राहिला. रापलेला, साठीचा असेल. "बसा, बसा. मी निडीच्या वाडीवरचा. गाडीतना दिसते आमची वाडी, रुळाच्या अल्याड."

"हो का. याआधी कधी केलंयस हे काम?"

"नाय. विटांचं केलं, लावणी-कापणीचं केलं, गोणी वाहिल्या. बसून करायचं काम पयल्यांदाच गावलं." त्याला त्याचीच गंमत वाटत होती. मग त्याने बंडीला हात लावला. "ह्ये कुनाचं कपडं, बाय? ती पोरगी म्हनली, डाग पाडू नको."

"आधी जे बसायचे त्यांचे."

"ते कुठं गेलं?"

"वारले."

पांडूने रुमाल काढला, उलटसुलट करून पाहिला आणि पुन्हा नीट बांधला. "मंग सांभाळून घालतो," तो म्हणाला.

वृंदाने बंडीची कॉलर सारखी करायचं निमित्त करून वास घेऊन पाहिला. धोब्याच्या साबणाचा होता.

ऋजुता टॅब घेऊन आली आणि शिकवणी सुरू झाली. तराजू डाव्या हातात. कोपर गुडघ्यावर. मान अशी, जरा तिरकी. नजर काट्यावर. पांडूला जमत होतं. त्याची पाठ गोण्यांनी वाकली होती आणि गुरुजींची वह्या तपासून, पण मागून ते एकच दिसत होतं.

"बोलायचं काय?" पांडूने विचारलं.

"बोलायचं नाही," वृंदा म्हणाली.

"मंग तुमी कायतरी बोलता त्यावर?"

"हं म्हणायचं."

"निस्तं हं?"

"तेवढंच."

पहिल्या टेकला ती त्याच्या उजवीकडे बसली. माप भरलं, त्याच्या कानाशी वाकली. 'अहो' हा शब्द तिला आधीपासून भिववत होता. एवढ्या वर्षांत तो एकाच माणसाला म्हटलेला. तो एकदाचा बाहेर पडला तो इतक्या मोठ्याने की पांडू दचकला आणि तराजू हलला.

"बाय, मला आयकू येतं. हळू सांगा."

सगळे हसले. वृंदाही हसली. गुरुजींचा डावा कान काम करत नव्हता, म्हणून ती नेहमी उजवीकडे बसायची आणि तरीही ओरडून बोलायची. दोन वेळा सांगितल्याशिवाय त्यांच्यापर्यंत काही पोचत नसे. ती हळू बोलायचं विसरूनच गेली होती.

दुसऱ्या टेकला तिने हळू म्हटलं, "अहो, माप." पांडूने मान वळवली, तिच्याकडे बघितलं आणि तिच्या हातातून माप घेतलं.

"कट! काकांना सांगा, बघू नका," तिकडून आवाज आला.

"कुनी हातात काय दिलं तर बघाय नको?" पांडू म्हणाला. "सांडंल ना."

ऋजुता धावत आली. "काका, तसं नाही. आधीचे काका बघायचे नाहीत, म्हणून. मी सगळं तपासलंय. एकाही शॉटमध्ये ते मावशींकडे बघत नाहीत." ती हे टॅबमध्ये बघत म्हणाली. तिच्या दृष्टीने तराजू डाव्या हातात असण्यासारखीच ती एक गोष्ट होती.

इतक्यात खाडीत बार्ज आला आणि सगळे थांबले.

"दाखवतेस का गो मला?" वृंदा म्हणाली. "ते पडून असलेलं."

ऋजुताने तिला छत्रीखाली खुर्ची दिली, टॅब मांडीवर ठेवला आणि बोटाने कसं पुढे सरकवायचं ते दाखवलं.

खरंच पुष्कळ होतं. अंबाडा नव्हता. उन्हात गुरुजी लख्ख दिसत होते. कानावरचे पांढरे केससुद्धा. ते हसत होते, विद्यार्थ्याला हातवारे करून काही सांगत होते, कॅमेरावाल्याची चूक काढत होते. एका टेकमध्ये खाडीतल्या होडीकडे बघून इतके खूश झाले होते की तराजू धरायचाच विसरले. शेजारी ती. प्रत्येक वेळी ती मान वर करायची, त्यांच्याकडे बघायची, माप पुढे करायची. त्यांचा हात आंधळ्यासारखा यायचा, माप घ्यायचा आणि जायचा. एकात त्यांच्या खांद्यावर गवताची काडी पडली होती. तिने ती काढायला हात नेला, तर त्यांनी माशी वारावी तसा तो झटकला, मान न वळवता, होडीकडे बघत.

ती काडी तिला आठवत नव्हती. आठवण्यासारखी नव्हतीच. अशा किती काड्या.

तिने ते मागे नेऊन पुन्हा पाहिलं. मग बाकीचे पाहिले. महादेव वाईट माणूस नव्हता. त्याने हात उगारला नाही, पगार घरात दिला, तिला टायफॉइड झाला तेव्हा रात्रंदिवस दवाखान्यात बसून होता. सलाइनच्या बाटलीकडे बघत. बाटली संपत आली की नर्सला हाक मारायचा. नर्स कौतुक करायची. तेव्हा वृंदाला वाटलं होतं, ताप उतरला की बघेल.

आणि फ्लॅटमध्ये इतके दिवस तिने अंबाड्याला दोष दिला होता.

बार्ज गेला. पुन्हा टेक झाला. या वेळी पांडूने सांगितल्याबरहुकूम नजर काट्यावर ठेवली आणि हात बाजूला केला. हात मापाच्या कडेला लागला आणि मीठ वृंदाच्या मांडीवर सांडलं. तिकडून "छान, छान, असंच!" असा आवाज आला. पांडू मात्र खाली मान घालून पुटपुटला, "सांडलं बघा. म्हनलं हुतं मी."

ती मांडीवरचं मीठ न झटकता बसून राहिली. मग तिने ऋजुताला हाक मारली.

"गोष्टीत मधल्या काळात म्हातारा मेला तर चालेल का?"

"म्हणजे?"

"मधे काही वर्षं गेलीत ना गोष्टीत? तेवढ्यात वारला. मी एकटी बसते."

ऋजुता गोंधळली. "मावशी, तुम्हाला त्रास होतोय का? मी खरंच सॉरी, मघाशी मी असं बोलायला..."

"तू खरं बोललीस. त्रास नाही. विचारून तर बघ."

तिकडे थोडी कुजबूज झाली. दिग्दर्शक स्वतः चालत आला. त्याला हरकत दिसत नव्हती, सुटल्यासारखंच झालं होतं. पाठमोरं लपवत कॅमेरा फिरवायचा म्हणजे कटकटच होती.

"तराजू कोण धरणार पण?"

"मी. मला उजव्या हाताने येतो."

"आणि हे काका?"

"याला गडी करा. गोणीतून मीठ काढून देईल. इकडे तोंड करून बसवा, म्हणजे दिसेल तरी तो."

पांडू आळीपाळीने सगळ्यांकडे बघत होता. "पन बसायचंच ना?" त्याने विचारलं.

"बसायचंच," वृंदा म्हणाली.

मेकअपवाल्या बाईने कापसाला तेल लावून कुंकू पुसलं, बांगड्या उतरवून डब्यात ठेवल्या. ड्रेसवाला बंडी आणि रुमाल घडी करून घेऊन गेला आणि पांडूला त्याचाच निळा सदरा परत घालायला सांगितला. चालेल, मळकाच हवा, म्हणाला. ऋजुता निघताना म्हणाली, "मावशी, ते सगळं पेनड्राइव्हवर देऊ का तुम्हाला? घरी बघता येईल."

"नको," वृंदा म्हणाली. मग ती जरा थांबली. "दे. मुलाला हवं असेल."

परतीच्या गाडीत खिडकी मिळाली. निडीला गाडी थांबली तेव्हा तिने रुळाच्या अल्याड पाहिलं. थोडी कौलं, दोन ताडाची झाडं, दोरीवर वाळत घातलेलं काही. इतक्या वर्षांत ती शेकडो वेळा इथून गेली असेल. वाडी पहिल्यांदा दिसली.

फ्लॅटचं दार स्पृहाने उघडलं आणि डोळ्यांनीच आतल्या खोलीकडे खूण केली. टीव्ही चालू होता. आवाज बंद नव्हता. नायक ओरडत होता आणि श्रेयस समोर बसला होता. त्या दिवशी तो शिफ्टला गेला नव्हता. आसावरी सोफ्याच्या हातावर टेकून उभी होती. पडद्यावर अंबाडा होता आणि त्याआडून अर्धे महादेव गुरुजी.

श्रेयसने टीव्ही थांबवला. त्याचे डोळे लाल होते. "पाय धू आधी, चहा घे," तो म्हणाला. ती पाय धुऊन आली, तेव्हाही तो तसाच रिमोट धरून बसला होता.

"आई, काल मी जास्त बोललो. आज पहिल्यांदा बघितलं मी हे. तू दुपारी काय बघत बसतेस ते कळलं मला." त्याने रिमोट खाली ठेवला. "तू जा. कोणी का बसेना शेजारी, मागूनच दिसणार ना? मागून बाबाच वाटतील. इथं नाहीत, तर निदान त्या राज्यात तरी असू देत ते."

"मी पण हेच म्हणत होते," आसावरी म्हणाली. "शाळेतल्यांचं मी बघून घेईन."

स्पृहा चहाचा कप घेऊन आली. वृंदाने पिशवीतून पेनड्राइव्ह काढून श्रेयसच्या पुढ्यात ठेवला, रिकामा डबा आसावरीकडे दिला आणि कप घेतला. पडद्यावर थांबलेल्या चित्रात तिची स्वतःची मान वर झालेली होती. तिने एक घोट घेतला.

"तिथलेही बाबा वारले," ती म्हणाली. "मी तसं सांगून आले. उद्यापासून तराजू मी धरणार. सकाळच्याच गाडीने जायचंय, डबा माझा मी करीन."